पेशीची त्रिज्या

गेल्या तीस वर्षांत त्या शाळेतून बाहेर पडलेल्या एकूण एक मुलांनी चिमटामामांच्या गालात आतून डोकावून पाहिलेलं आहे, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. माणसाच्या पेशी दाखवायच्या म्हटल्यावर माणूस लागणारच. मुलांना स्वतःच्या गालात काडी फिरवायला सांगितली की एकाला उमासे यायचे, दुसऱ्याला घरी जावंसं वाटायचं, तिसरा काडीच खाऊन टाकायचा. मग मामा पुढे होत, आ वासत, काडीच्या बोथट टोकानं गाल आतून खरवडत, ते पांढुरकं काचपट्टीवर फासत, वर निळ्या रंगाचा एक थेंब टाकत आणि म्हणत, "या, बघून घ्या. सगळं घरचंच आहे."

आज बँकेत मोठ्या खुर्चीवर बसलेल्या साहेबांनी एकेकाळी मामांच्या गालातल्या पेशी काढून दहापैकी सात गुण मिळवले होते. मामा बँकेत गेले की साहेब मान वर करत नाहीत. मामा म्हणतात, "नका करू. पण माणसाच्या आतलं बघून सात मिळवलेत, बाहेरचं बघून तीन तरी द्या."

मामा म्हणजे शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. बरण्या पुसणं, बशा मांडणं, भिंगं साफ करणं, बेडकाच्या बरणीतलं पाणी उडालं की भरणं, ही त्यांची कामं. शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवीनं स्वतःहून हात जोडले म्हणून तिथं थांबलेलं. अठ्ठाविसाव्या वर्षी पाणी भरायला म्हणून शाळेत शिरले, आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर पडलेला एक स्टीलचा चिमटा त्यांना इतका आवडला की तो शर्टाच्या खिशात गेला तो गेलाच. पुढे त्या चिमट्यानं त्यांनी पानाची साल काढली, मुलांच्या तळव्यातले काटे काढले, उकळत्या भांड्यातलं पान उचललं, शेंगदाणे खाल्ले, आणि एकदा मुख्याध्यापकांच्या कानात अडकलेलं पेन्सिलीचं टोकही बाहेर काढलं. नाव त्यावरूनच पडलं.

चिमट्याची एक खोड होती. खोड खरं म्हणजे मामांची, पण बोंब चिमट्याची. मामा काही दडवत असले की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि दोन बोटांत चिमटा वाजायचा. टिक टिक. हा शोध लावला त्यांच्या बायकोनं, म्हणजे मामींनी, लग्नाला महिना व्हायच्या आत.

"बाहेर काही खाऊन आलात का?"

"छे गं." टिक टिक.

"मग ताट कमी वाढते."

मामी घरी शिलाईचं काम करायच्या. सुईत दोरा ओवताना त्यांना चष्मा लागला नाही तो पन्नाशीपर्यंत. अशी नजर आणि असा चिमटा एका घरात असल्यावर नवऱ्याला खोटं बोलायची सोयच राहिली नाही. तरी एक गोष्ट मामांनी एकोणतीस वर्षं मामींपासून लपवली. ती कशी लपली, याचं उत्तर सोपं आहे: मामींनी कधी विचारलंच नाही. घोड्याबद्दल कुठली बायको विचारते?

पण घोड्याकडे जायच्या आधी थोरल्या सरांकडे जायला हवं. थोरले सर म्हणजे त्या काळचे जीवशास्त्राचे शिक्षक. मामांना जे काही येतं ते त्यांच्याकडून. सर मुलांना शिकवत आणि मामा मागं बशा विसळत ऐकत. पान हिरवं का, रक्त लाल का, रोप खिडकीकडे का झुकतं, सगळं मामांना पाठ. फक्त काही गोष्टी त्यांनी स्वतः जोडून घेतल्या. एकदा सरांनी कुंडी आडवी करून ठेवली, खोड वळून वर जातं हे दाखवायला. झाडलोट करणाऱ्या मावशी फार दयाळू. रोज सकाळी त्या पडलेली कुंडी उभी करायच्या, आणि रोज दुपारी सर ती पुन्हा आडवी करायचे. तीन आठवड्यांनी त्या रोपाचं खोड असं नागमोडी झालं की सर डोक्याला हात लावून बसले. मामा म्हणाले, "सर, झाडाचं काही चुकलं नाही. त्याला दोन साहेब होते."

आता घोडा.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. मुलांना कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक दाखवायचं म्हणजे सरांची दमछाक. सर म्हणायचे, "तो गोल ठिपका बघ." मुलगा बघायचा हवेचा बुडबुडा. सर म्हणायचे, "बुडबुडा नव्हे, त्याच्या शेजारी." तो बघायचा स्वतःच्या पापणीचा केस. दोघांनी एकाच वेळी एकाच नळीत डोळा घालता येत नाही, त्यामुळे कोण काय बघतंय ते देवालाही कळायचं नाही. शेवटी सर म्हणाले, "नेत्रिकेत एक केस चिकटवला तर बाणासारखा दिसेल. त्याच्या टोकावर केंद्रक आणून ठेवायचं, आणि सांगायचं, टोकावर बघ." नेत्रिका म्हणजे आपण डोळा लावतो ते वरचं भिंग, ते उघडलं की आत एक कडं असतं, त्यावर केस बसतो.

मामांनी आधी दोरा लावून पाहिला. तो आत असा दिसला, जणू विहिरीत दोरखंड सोडलाय. झाडूची काडी लावली, ती पडलेल्या झाडाचं खोड दिसली. स्वतःचा केस लावला, तर मामांचे केस कुरळे. कांद्यात गोगलगाय शिरल्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "घोड्याच्या शेपटीचा केस उत्तम. सरळ आणि ताठ." जवळपास घोडा एकच होता, बालवाडीतला, तोही लाकडाचा.

तेव्हा मामांच्या लग्नाला चार महिने झाले होते. सकाळी मामी केस विंचरून उठल्या आणि फणीत एक केस राहिला. लांब, सरळ, काळाभोर. मामांनी चिमट्यानं तो उचलला, कागदात गुंडाळला, आणि शाळेत जाऊन डिंकाच्या टिंबानं कड्यावर बसवला. आत पाहिलं तर काय! उजेडाच्या गोल तबकडीत काठापासून मधोमध आलेली एकच स्वच्छ काळी रेघ.

"वा!" सर म्हणाले. "कुठून मिळवलास?"

आता चार महिन्यांचा नवरा आपल्या सरांना काय सांगणार, बायकोच्या फणीतून म्हणून? "घोड्याचा, सर." टिक टिक.

सरांनी नेत्रिका नाकाजवळ नेली, वास घेतला आणि म्हणाले, "घोडा चांगल्या घरचा दिसतोय. डोक्याला तेल लावतो."

तेव्हापासून तो केस कागदोपत्री घोड्याचाच राहिला. सर निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले. प्रत्येकानं मुलांना सांगितलं, "केसाच्या टोकावर बघा." मुलांनी टोकावर पाहिलं, केंद्रक काढलं, केस सोडून दिला. मामा मात्र प्रयोग संपले की खिडकी पुसायचं निमित्त करून एकदा त्या नळीत डोळा घालायचे. घरी मामींच्या वेणीत पांढरा रंग कधी शिरला, कधी पसरला आणि कधी मालक होऊन बसला, ते रोजच्या बघण्यात कळलंही नाही. नळीतली रेघ काळीच होती.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. शिस्तीच्या, स्वच्छतेच्या, यादीच्या भोक्त्या. त्यांचं आणि मामांचं वाजलं ते यकृतावरून. प्रयोगशाळेत माणसाच्या धडाचा एक पुतळा होता; पोटाचं झाकण काढलं की आतले अवयव एकेक करून उचलता यायचे. त्यातलं यकृत फार वर्षांपूर्वी कुणीतरी पळवलं होतं. मामांनी जुन्या तपकिरी रबरी चपलेचा तळ कापून, घासून, अगदी बेताचं नवं यकृत बसवलं. पित्ताशयाला जागाही ठेवली. एक दिवस संस्थेचे पाहुणे आले आणि त्यातल्या एकानं कौतुकानं यकृत उचलून उलटं केलं. मागं ठसठशीत लिहिलेलं: आठ.

"हे आठ काय?" पाहुण्यांनी विचारलं.

"माप," मामा म्हणाले. मोठ्या माणसाला मोठंच लागतं, असंही पुढे म्हणणार होते, पण मोठ्या बाईंचा चेहरा बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी लेखी मेमो आला. 'यापुढे कोणत्याही उपकरणात स्वतःच्या बुद्धीने भर घातल्याचे आढळल्यास सेवेतून कमी करण्यात येईल. तसेच शिकवण्याच्या कामात तोंड घालू नये.'

"चला," मामा मामींना म्हणाले, "मला स्वतःची बुद्धी आहे एवढं तरी लेखी मिळालं." बोलले खरं, पण तो मेमो रात्रभर छातीत बोचत राहिला. निवृत्तीला फक्त एक वर्ष उरलं होतं. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस चपलेच्या तुकड्यापायी बाहेर जायचा, ही काय गोष्ट झाली! आणि उपकरणात भर म्हणाल, तर चप्पल परवडली. केसाचं कळलं तर?

त्याच वर्षी जीवशास्त्राच्या बाई बदली होऊन गेल्या आणि त्यांचा तास आला गणिताच्या सरांकडे. सर सज्जन. पण झाड दिसलं तरी त्याची सावली मोजून उंची काढणारे. त्यांनी फळ्यावर नियम लिहिला: जे दिसतं ते सगळं काढायचं, आणि जे काढलं त्या सगळ्याला नाव द्यायचं. मुलांनी कांद्याचा पापुद्रा पाहिला, पेशी काढल्या, भित्तिका काढली, केंद्रक काढलं, आणि ती रेघही काढली. नाव काय द्यायचं म्हणून अडली.

"सर, ही रेघ कसली?"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीत डोळा घातला. बराच वेळ पाहिलं. मग ताठ झाले. "केंद्रापासून परिघापर्यंत गेलेली सरळ रेषा. हिला काय म्हणतात?"

सगळा वर्ग एका सुरात: "त्रिज्या!"

"मग विचारता काय? लिहा."

कोपऱ्यात मामा चंचुपात्र पुसत होते. ते हातातून सुटता सुटता वाचलं. सांगायला तोंड उघडलं, आणि मेमो आठवला. तोंड घालू नये. 'बरं,' मामा मनात म्हणाले, 'नाही घालत. होऊ द्या गंमत.' आणि खरं सांगायचं तर त्यांना गुदगुल्याच झाल्या. घरी जेवताना ते एकटेच हसायला लागले.

"काय झालं?" मामी म्हणाल्या.

"काही नाही." टिक टिक.

"झालं असेल काही," मामी म्हणाल्या आणि वाढू लागल्या.

एकेचाळीस मुलांची एकेचाळीस जर्नल्स सह्या होऊन कपाटात गेली. प्रत्येकात कांद्याची पेशी, आणि प्रत्येक पेशीला बाण करून नावं: पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, त्रिज्या. मामांच्या डोक्यात एवढंच की परीक्षक हसतील आणि गणिताचे सर लाजतील. जर्नलचे गुण मुलांचे असतात, सरांचे नसतात, हा विचार त्या कुरळ्या डोक्यात शिरलाच नाही.

शिरला तो दुसराच. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाई नळीत डोळा घालतील आणि केस दिसल्याबरोबर मोठ्या बाईंना विचारतील. सूक्ष्मदर्शकाबरोबर आलेली दुसरी नेत्रिका डबीत पडून होती, कधी न वापरलेली. मामांनी ती बसवली. केसवाली रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, चिमट्याच्या शेजारी. आणि या सगळ्या लपवाछपवीत परीक्षेला लागणारे कांदे घरीच विसरले.

सकाळी परीक्षक बाई आल्या. बुटक्या, करड्या आवाजाच्या, कमरेला चष्म्याची पिशवी. मुलं हारीनं उभी. आणि कांदे नाहीत. मामांनी घरी फोन केला, "अगं, टोपलीतले कांदे घेऊन ये, असशील तशी ये."

"तोवर जर्नल्स बघते," परीक्षक बाई म्हणाल्या.

पहिलं जर्नल उघडून त्या हसल्या. दुसरं उघडून भुवई उंचावली. सातव्यापर्यंत हसू गेलं होतं. विसाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी बावीस वर्षं परीक्षा घेते आहे," त्या म्हणाल्या. "पेशीला शेपूट काढलेली पाहिली. पेशीला नाक-डोळेही पाहिले. भूमिती पहिल्यांदाच बघते. कुठून उतरवलंत हे?"

"उतरवलं नाही मॅडम, दिसलं," कुणीतरी पुटपुटलं.

"मॅडम," गणिताचे सर घाईनं म्हणाले, "गणिताच्या दृष्टीनं नाव अचूक आहे."

"कांद्याच्या दृष्टीनं?"

सर खडू शोधायला लागले.

तेवढ्यात मामी पिशवी घेऊन दारात आल्या. कांदे चिरले गेले, पहिली दहा मुलं कामाला लागली. पापुद्रा सोलला, पाण्यात ठेवला, रंग टाकला, वरची पातळ काच बुडबुडा न धरता तिरकी टेकवली. हे सगळं मुलांनी सुरेख केलं, कारण हे मामांचं शिकवणं होतं, मेमोच्या आधीचं. एकेकानं नळीत पाहिलं आणि जागेवर जाऊन चित्र काढलं. परीक्षक बाईंनी स्वतः नळीत डोळा घातला. पेशी स्वच्छ, विटांच्या भिंतीसारख्या. केंद्रकं ठळक. रेघ? रेघेचा मागमूसही नाही.

मग त्यांनी दहा चित्रं उचलली. नऊ चित्रांत रेघ होती. सवयीनं हात गेला होता. डोळ्यानं पाहिलं एक, हातानं काढलं पाठ केलेलं.

बाईंनी दहाही चित्रं टेबलावर एका रांगेत मांडली.

"म्हणजे यंत्रात नाही, तरी काढली," बाई सावकाश म्हणाल्या. "दिसत नाही ते काढणं याला विज्ञानात एकच शब्द आहे. खोटेपणा. एकेचाळीस जर्नल्स बाद, प्रात्यक्षिकाला शून्य. मला तसा अहवाल द्यावा लागेल."

शून्य म्हणजे विषयात नापास, हे प्रत्येकाला माहीत होतं. मागच्या रांगेत एक जण रडायलाच लागला. दहाव्या चित्राची मालकीण, दोन वेण्यांची, धिटुकली, तिच्या चित्रात रेघ नव्हती. ती हात वर करून म्हणाली, "मॅडम, खरंच रोज असते. आज नाहीये, म्हणून मी काढली नाही."

"रोज असते आणि आज नाही? त्रिज्या आज रजेवर आहे का?"

कुणी हसलं नाही. तिची मान खाली गेली. "आम्ही खोटं नाही बोलत, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

टिक टिक.

मामींचे कान टवकारले. रिकामी पिशवी घडी करत त्या दारातच उभ्या होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चिमटा का वाजतोय?"

"कुठं वाजतोय?" टिक टिक टिक.

मामींनी पिशवीची घडी काखेत मारली. नुसतं पाहिलं. ते पाहणं असं होतं, की त्यापुढे मेमो म्हणजे प्रेमपत्र.

मामांनी त्या वेण्यांच्या मुलीकडे पाहिलं. निवृत्तीला सात महिने, सात महिने, असं आतून काहीतरी ओरडत होतं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"मॅडम, मुलं खरं बोलताहेत. खोटा मी आहे. त्रिज्या माझ्या खिशात आहे."

बोलता बोलता त्यांनी नेत्रिका बदलली सुद्धा. "आता बघा."

बाईंनी डोळा लावला. "अरे!"

"डोळा काढू नका." मामांनी दोन बोटांनी नेत्रिका हलकेच फिरवली. "रेघ फिरली?"

"घड्याळाच्या काट्यासारखी."

"आता काचपट्टी सरकवतो. रेघ हलली?"

"नाही. पेशी हलल्या."

"भिंगाबरोबर फिरतं ते भिंगात असतं, मॅडम. काचेबरोबर सरकतं ते काचेवर असतं. आणि कशानंच हलत नाही, ते डोळा धुतला की जातं. केस आहे तो. टोकावर केंद्रक दाखवायला बसवलेला. एकोणतीस वर्षं झाली. यंदा मुलांना सांगायला हवं होतं. मला सगळं दिसत होतं, पण रुसून बसलो आणि मजा बघत राहिलो. शून्य द्यायचंच तर मला द्या, मला सवय आहे."

परीक्षक बाईंनी डोळा वर केला तेव्हा तोंडाचे कोपरे जागेवर ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "कशाचा केस?"

"घोड्याचा." टिक टिक.

"कुठल्या घोड्याचा?" हा प्रश्न दारातून आला.

मामा वळले. एकेचाळीस मुलं, एक सर, एक परीक्षक आणि एक बायको. पळायला दार एकच, आणि त्यात मामी.

"अगं, म्हणजे... फणीत होता."

"घोड्याच्या फणीत?"

"तुझ्या."

जो काही हशा उसळला तो आवारापलीकडे गेला. मघाशी रडणारा आता बाकावर डोकं आपटून हसत होता. गणिताच्या सरांनी भिंतीकडे तोंड केलं. मामी लालबुंद झाल्या, पदरात तोंड खुपसून म्हणाल्या, "मेल्यांनो, गप्प बसा!" आणि ते बहुधा मामांनाही होतं, फक्त अनेकवचनी. मग त्या पुढे आल्या, परीक्षक बाईंनी सरकून जागा दिली, आणि मामींनी नळीत डोळा घातला. सुई ओवणारा डोळा. फार वेळ त्या हलल्या नाहीत.

"एवढा काळा होता?" त्या म्हणाल्या.

एवढ्यात हशा ऐकून मोठ्या बाई आल्या. परीक्षक बाईंनी सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी मामांकडे जळजळीत कटाक्ष टाकला आणि "बघू काय प्रकार आहे," म्हणून नेत्रिका धरून अशी काही पिरगाळली, की एकोणतीस वर्षांचा डिंक तडकला. "कुठंय? मला तर काही रेघबीघ दिसत नाही."

मामांनी नेत्रिका उघडून पालथी केली. तळहातावर केसाचे दोन तुकडे पडले. वाळलेले, फुंकरीनं उडतील असे. हसणारी मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

"ठीक आहे, गेला तर गेला," मोठ्या बाई नजर चुकवत म्हणाल्या. "त्यावाचून काय अडतं? दिसतंय की मला केंद्रक. हे काय, मोठं गोल, काळ्या कडेचं."

"तो हवेचा बुडबुडा आहे, बाई," वेण्यांची मुलगी म्हणाली.

मोठ्या बाईंनी पुन्हा पाहिलं, आणखी दोन बुडबुडे केंद्रक म्हणून शोधले, आणि कामाची आठवण होऊन निघून गेल्या.

निकाल असा लागला: एकेचाळीस जर्नल्समध्ये 'त्रिज्या' खोडून 'दर्शक केस' लिहायचं, लाल शाईनं, आणि ते लिहायचं गणिताच्या सरांनी. पहिल्या दहातल्या नऊ मुलांचा एकेक गुण कापला, नसलेली रेघ काढल्याबद्दल. वेण्यांच्या मुलीला पैकीच्या पैकी. बाकीच्यांनी जे दिसलं तेच काढलं, कारण आता कुणाची हिंमत होती? मामांना मेमो आला तो आठ दिवसांनी. 'सूक्ष्मदर्शकात विनापरवानगी केस बसवल्याबद्दल सक्त समज देण्यात येत आहे. सदर केस काढू नये.' मामा सात महिन्यांनी रीतसर निवृत्त झाले आणि तो मेमो त्यांनी घरी भिंतीवर लावला.

आता, जुना केस तर तुटला होता. मग सदर केस कुठला?

त्याच दुपारची गोष्ट. परीक्षा संपली, मुलं गेली, परीक्षक बाई गेल्या. खिडकीतून तिरकं ऊन सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर पडत होतं. मामी टेबलावरची कांद्याची सालं गोळा करत होत्या. मामा ते दोन तुकडे कागदावर ठेवून, चिमट्यानं जुळतात का बघत बसले होते.

"एकोणतीस वर्षं," मामी म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरचा केस शाळाभर दाखवलात, आणि मला घोडी केलंत."

"घोडा म्हणालो होतो."

"उपकार झाले." त्यांनी सालं बादलीत टाकली, हात पुसले, डोक्यावरून बोटं फिरवली आणि एक केस खुडून पुढे धरला. लांब, सरळ, पांढराशुभ्र. "हा घ्या. पण हा काय दिसणार? तुमच्या उजेडात पांढऱ्यावर पांढरं."

मामांनाही तसंच वाटलं. पण नाही म्हणायची छाती झाली नाही. डिंकाचं टिंब ठेवलं, चिमट्यानं केस कड्यावर टेकवला, टोक मधोमध आणलं, नेत्रिका बसवली, आरसा उन्हाकडे वळवला आणि डोळा लावला. लावला तो लावलाच.

"काय झालं? दिसत नाही ना?"

"ये इकडं."

मामींनी पाहिलं. उजेडाच्या तबकडीत काठापासून मधोमध आलेली एक रेघ. कडा काळ्याभोर, आत उजेडाची जेमतेम एक शीर, आणि एकूण बघाल तर काळीच. टोकावर केंद्रक.

"हा काळा कसा झाला?"

"उजेड मागून येतो ना. मधे जे कुणी उभं राहील ते काळंच दिसतं. थोरले सर सांगायचे." मामांनी चिमटा खिशात टाकला. "इथून बघितलं तर तुझे केस अजून काळेच आहेत."

मामींनी नळीवरचा डोळा काढला आणि मामांच्या खिशाकडे पाहिलं. हात खिशावरच होता.

चिमटा वाजला नाही.